वेरिबी ते पोर्ट फेरी : चिंचेने धुतलेली सात नाणी

जायचं ठरलं ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, आणि आनंदाने ठरलं नाही. चौरंगावर, घरातल्या चांदीच्या रुपयाशेजारी, सात नाणी ओळीने मांडलेली दिसली. लखलखीत. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट. ती माझी नव्हती. पोर्ट फेरीला राहणाऱ्या आर्ने नावाच्या एका म्हाताऱ्या नॉर्वेजियन माणसाची होती, आणि सत्त्याहत्तर वर्षांत ती कोणी धुतली नव्हती.

"किती काळवंडली होती रे," आई म्हणाली. "चिंच-मीठ लावून घासली. लक्ष्मीसमोर तशी कशी ठेवायची?"

जे नाणी जमवतात त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. जुनं नाणं कधीही धुवायचं नसतं. त्यावर जो काळपट थर चढतो तेच त्याचं वय, तोच त्याचा पुरावा. या सात नाण्यांच्या बाबतीत तर तो थर म्हणजे आणखी काहीतरी होतं. ते मला माहीत होतं, आईला नव्हतं. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. डबी अभ्यासाच्या टेबलावर उघडी ठेवून कामाच्या मीटिंगला बसणारा मीच होतो.

आई पुण्याहून फेब्रुवारीत आली होती, तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये कोविडमुळे विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचे दहा झाले. माझी बायको केतकी हॉस्पिटलमध्ये नर्स, तिच्या शिफ्टला ना दिवस ना रात्र. मी दिवसभर लॅपटॉपसमोर. मुलगी सई खोलीत ऑनलाइन शाळेत, आणि आजीने काही विचारलं की उत्तर इंग्रजीत. आई उरलेल्या घरातून फिरत राहायची आणि दिसेल ते घासायची. नळ, ओटा, खिडक्यांच्या जाळ्या. सप्टेंबरात पुण्यात सुधामावशी गेली, आईची पाठची बहीण, त्यानंतर तर जास्तच. हे सगळं मी तेव्हा बघत होतो. समजून आज घेतोय.

मला नॉर्वेच्या नाण्यांचं वेड बाबांमुळे लागलं. बाबा नॉर्वेच्या एका कंपनीच्या जहाजावर इलेक्ट्रिशियन होते, आणि घरी येताना चिल्लर आणायचे. त्यातलं एक मध्ये भोक असलेलं क्रोनचं नाणं त्यांनी माझ्या करदोट्यात ओवलं होतं. आमच्या आळीतल्या जुन्या लोकांच्या करदोट्यात इंग्रजांच्या काळातला भोकाचा पैसा असायचा, माझ्याकडे हे. बाबा जाऊन आता पाच वर्षं झाली. ते गेल्यावर मी त्यांची चिल्लर चाळायला घेतली आणि तिच्यातच अडकून पडलो.

फेब्रुवारीत मेलबर्नच्या एका नाण्यांच्या मेळ्यात आर्ने भेटला. सहा फूट उंच, सत्त्याऐंशी वर्षांचा, हात दोरखंडासारखे. तो विकायलाही आला नव्हता आणि घ्यायलाही नव्हता, नुसता बघत फिरत होता. नॉर्वेची नाणी जमवणारा पुणेकर पाहून त्याला गंमत वाटली. बोलता बोलता त्याने खिशातून औषधाची एक पत्र्याची डबी काढली. आत कापसावर सात नाणी, चार लोखंडाची आणि तीन जस्ताची.

थोडा इतिहास इथेच सांगून टाकतो. नॉर्वे १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा झाला आणि हाकोन सातवा राजा म्हणून आला. नाण्यांवर त्याचं मोनोग्राम असायचं, एच अक्षर आणि सातचा आकडा. १९४० मध्ये जर्मन फौजा शिरल्या, राजा लंडनला गेला. तांबं आणि निकेल युद्धाच्या कामाला लागलं आणि लोकांच्या हातात लोखंडाची आणि जस्ताची नाणी आली. त्यांवर राजाचं नाव नव्हतं. तेव्हा लोकांनी जुनी, राजाच्या नावाची नाणी घासूनपुसून कोटावर बिल्ल्यासारखी लावायला सुरुवात केली, तर त्यावरही बंदी आली. आपल्याकडचा भोकाचा पैसाही त्याच युद्धातला, त्याच कारणाने मधोमध रिकामा. तांबं वाचवायला.

आर्नेच्या डबीतली नाणी बाजारात अजिबात दुर्मिळ नाहीत. माझ्या अल्बममध्ये त्याच वर्षांची तशीच सात आहेत. पण ती सात त्याच्या आईच्या बटव्यात होती. तो नऊ वर्षांचा असताना, त्या युद्धातल्या एका हिवाळ्यात, ती घटसर्पाने गेली आणि नर्सने दारातून बटवा त्याच्या हातात दिला. बटवा पुढे फाटला, नाणी राहिली. "मी त्यांना बोट लावत नाही," आर्ने म्हणाला होता. "शेवटचं बोट तिचं आहे." फोटो काढून माझ्या ब्लॉगवर लिहायला म्हणून त्याने ती मला दोन आठवड्यांसाठी दिली. पोस्टाने नको, हाताने आणून दे, एवढंच त्याचं म्हणणं. मी "नो वरीज" म्हटलं. दोन आठवड्यांनी मेलबर्न बंद झालं.

नोव्हेंबरात शहर आणि बाकीचा व्हिक्टोरिया यांच्यामधली पोलिसांची नाकी उठली, आणि पुढच्याच आठवड्यात दिवाळी. लक्ष्मीपूजन झाल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ चौरंगाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. मी सांगते त्यांना." मी नको म्हणालो. ती बॅग भरायला गेली.

दिवाळीनंतरच्या शनिवारी सकाळी सातला निघालो. जाणाऱ्यांसाठी: वेरिबीहून, म्हणजे मेलबर्नच्या आमच्या उपनगरातून, पोर्ट फेरी साधारण अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर, प्रिन्सेस हायवेने न थांबता सव्वातीन तास. जिलाँगला शहरात शिरू नका, रिंग रोडने बाहेरूनच काढा. टाकी घरूनच भरून घेतली की जाताना चिंता नाही. मी ती भरली होती. शिवाय कोटाच्या डाव्या खिशात आर्नेची डबी होती, आणि उजव्या खिशात एक कागदी पाकीट, ज्यात माझ्या अल्बममधली सात. तशीच. काळपट, न धुतलेली. ती का घेतली, हे मी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

आठ महिने आधी घरात, मग घरापासून पाच, मग पंचवीस किलोमीटर अशा रिंगणात काढल्यावर मोकळा रस्ता अंगावर येतो. विंचेल्सी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना सपाट हिरवी-पिवळी जमीन, काळे दगड रचून केलेले बांध, मधूनच गायी. आई खिडकीला टेकून बसली होती. "इतकी जमीन आणि माणूस नाही," ती म्हणाली. मास्क तिने गाडीतही काढला नव्हता.

कोलॅकला एका बेकरीत थांबलो. दारात वहीवर नाव, फोन आणि पिनकोड लिहायचा, मग आत. करंजीसारख्या दोन व्हेजिटेबल पेस्टी आणि दोन चहा मिळून वीस डॉलरच्या आत. काउंटरमागच्या बाईंनी वहीतला आमचा पिनकोड वाचला.

"मेलबर्न?"

"वेरिबी," मी म्हणालो. जणू ते वेगळं.

"हं. बाहेर बसलात तर बरं, लव्ह." मग आईकडे बघून त्या जरा मऊ झाल्या. "मम फ्रॉम इंडिया? अडकल्या का इथे? माझी बहीण लंडनला आहे. मी टीव्हीवर तिथलं बघते आणि बंद करते."

आई त्यांना म्हणाली, "माय सिस्टर ऑल्सो." चहात दूध जास्त होतं, पण गरम होता.

कॅम्परडाउनला रस्त्याच्या मधोमध मोठाल्या एल्म झाडांची रांग आहे आणि एक उंच घड्याळाचा मनोरा. तिथे पाय मोकळे करायला उतरा, जागा छान आहे. आम्ही उतरलो. वारा होता म्हणून आईने माझा कोट अंगावर घेतला, आणि रुमाल शोधायला उजव्या खिशात हात घातला.

तिने पाकीट उघडून पाहिलं. मग डाव्या खिशातली डबीही उघडून पाहिली.

"ही कुठली?"

"माझी."

"तशीच आहेत."

"हो."

"त्यांना कळणार नाही?"

"नाही. वर्षंसुद्धा तीच आहेत."

तिने दोन्ही जिथल्या तिथे ठेवली, कोट काढून माझ्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसली. तासाभराने वॉर्नम्बूल आलं. समुद्र दिसल्यावर म्हणाली, "मग मी कशाला आलेय, मिलिंद?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं हृदय, इतक्या वर्षांचा जिव्हाळा, एका थापेने कोणाचं काय बिघडतं, असली उत्तरं. खरं एवढंच होतं की मला त्याच्या तोंडाकडे बघवणार नव्हतं.

पोर्ट फेरी हे मॉइन नदीच्या मुखाशी वसलेलं गाव. काळ्या दगडाची बुटकी घरं, रस्त्यांवर नॉरफोक पाइनची सरळ झाडं, धक्क्याला मासेमारीच्या बोटी. आर्ने पन्नासच्या दशकात या देशात आला आणि तीस वर्षं इथल्या क्रेफिश, म्हणजे शेवंड पकडणाऱ्या बोटींवर होता. त्याचं घर नदीच्या बाजूला. व्हरांड्यात त्याने तीन खुर्च्या हात-हात अंतरावर मांडून ठेवल्या होत्या, आणि थर्मासमध्ये कॉफी.

"नऊ महिने," तो म्हणाला. "मला वाटलं, मी आधी जातो की तू आधी येतोस." हसला. फेब्रुवारीपेक्षा तो वाळला होता. मी आईची ओळख करून दिली. त्याने छातीवर हात ठेवून मान लवली. आईने नमस्कार केला.

मग त्याने हात पुढे केला. आणि मी उजव्या खिशातलं पाकीट काढलं.

हे लिहायला जड जातंय, पण झालं ते असं. डबी वाटेत कुठेतरी पडली, माफ कर, असंही मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो. त्याने पाकिटातली नाणी टेबलावरच्या फडक्यावर ओतली, बोट न लावता, आणि चष्म्यावर भिंग धरून एकेकाकडे वाकून बघू लागला. सातही बघून झाल्यावर तो नॉर्वेजियनमध्ये काहीतरी म्हणाला. हळू, लहान मुलाने म्हणावं तसं. त्याचे डोळे भरले होते.

"दॅट इज नॉट युवर्स," आई म्हणाली.

तिने माझ्या डाव्या खिशात हात घातला, डबी काढली आणि टेबलावर ठेवली. "धिस इज युवर्स. आय वॉश. माय सन नॉट वॉश. आय." मग तिचं इंग्रजी संपलं आणि ती मराठीत बोलत राहिली. मला माहीत नव्हतं हो, मी देवासमोर ठेवायला म्हणून घासली, याने मला सांगायला हवं होतं पण मीही विचारायला हवं होतं. मी त्याचं इंग्रजी करून सांगत होतो. स्वतःच्या खोटेपणाचंही भाषांतर मलाच करावं लागलं.

आर्नेने डबी उघडली. लोखंडाची नाणी करडी आणि उघडी पडलेली, कडेला नारिंगी गंज धरू लागलेला. जस्ताच्या एका नाण्यावरच्या खाचेत अजून कुंकू होतं. त्याने भिंग खाली ठेवलं.

"त्यांचं मी समजू शकतो," तो मला म्हणाला. आवाज चढला नाही. "तुझं नाही. मी आत्ता तुझ्या चिल्लरशी बोललो."

तो उठून बागेत गेला, नळाचा पाइप घेतला आणि गुलाबांना पाणी घालू लागला. दहा मिनिटं तरी घालत असेल. मी निघूया म्हणालो. आई म्हणाली, "बस." आयुष्यात इतका लाजलो नव्हतो.

तो परत आला तेव्हा आईच्या समोरच्या खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, विचार त्यांना, नाणी का धुतात.

आई विचार करून बोलली. "आमच्याकडे त्या दिवशी लक्ष्मी घरात येते. नाणं म्हणजे तीच. म्हणून तिला आंघोळ घालायची, पुसायची, कुंकू लावायचं. घरच्या माणसासारखं." मग म्हणाली, "त्यांना सांग, माझी बहीण सप्टेंबरात गेली. हॉस्पिटलमधून तिला तशीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेली. आंघोळ नाही, साडी नाही, कोणाचा हात लागला नाही. मी इथे फोनवर बघत होते. तेव्हापासून मला काही धुवायचं सोडवत नाही."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी ते इंग्रजीत आणताना दोनदा अडखळलो.

आर्ने नदीकडे बघत होता. मग तो त्याच्या आईबद्दल बोलला. साथीचा रोग, म्हणून मुलांना आत सोडत नव्हते. तो हॉस्पिटलच्या बाहेर बर्फात उभा राहायचा, आणि ती तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत असल्याचं त्याला सांगितलं जायचं. कोणती खिडकी ते कधी कळलं नाही. पुरलं ते बंद पेटीत. "तिलाही कोणी घरच्यांनी धुतलं नसेल," तो म्हणाला. "मी याचा कधी विचार केला नव्हता."

धक्क्यावर एका बोटीचं इंजिन चालू होऊन बंद पडलं.

मग त्याने डबी उलटी केली आणि सातही नाणी उघड्या तळहातावर घेतली. त्याने ती मुठीत धरली, जरा हलवली, खुळखुळ आवाज आला.

"हलकी आहेत," तो आईला म्हणाला. "मला वाटायचं, जड असतील."

त्याने ती परत डबीत ठेवली नाहीत. पँटच्या खिशात टाकली आणि वर हात ठेवून बसला. माझं पाकीट त्याने टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. निघताना फाटकाशी म्हणाला, "तू ब्लॉग लिहितोस ना? मग जसं झालं तसं लिही. तू काय आणलं होतंस तेही." माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही, कारण ती मागण्याची माझी ऐपत त्या दिवशी नव्हती.

मुक्काम गावातल्याच एका साध्या मोटेलमध्ये केला. एकशे चाळीस डॉलर, दोन पलंग, किटली, स्वच्छ. संध्याकाळी पुलावरून ग्रिफिथ्स आयलंडला चालत गेलो. तासाभराची गोल फेरी आहे, टोकाला दीपगृह. या दिवसांत हजारो काळे समुद्रपक्षी उन्हं उतरता उतरता बिळांकडे परततात. ते बघायला मोजून सहा माणसं होतो. आई वाटेवरच्या बाकावर बसली आणि तिने मास्क काढला. "ओरडायला हवं होतं त्यांनी माझ्यावर," ती म्हणाली. मी म्हटलं, ओरडले असते तर माझ्यावर ओरडले असते. त्यावर ती "ते तर हवंच होतं" म्हणाली आणि माझा हात धरून उठली.

रविवारी परतताना ग्रेट ओशन रोडने आलो. पोर्ट कॅम्पबेलजवळ समुद्रात उभे असलेले ते प्रसिद्ध सुळके, जिथे एरवी बसगाड्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते, तिथे पार्किंग अर्धं रिकामं. वळणावळणाचा रस्ता आहे, गाडी लागणाऱ्यांनी आलं बरोबर ठेवावं. लॉर्नला चिप्स खाल्ले. घरी पोचायला संध्याकाळचे सहा झाले. सईने दारातच विचारलं, "वॉज ही मॅड, आजी?" आई म्हणाली, "नो. सॅड." आणि आत जाऊन हात धुतले.

माझी सात नाणी मी अल्बममध्ये परत लावली नाहीत. ती पाकिटातच आहेत. अल्बम उघडला की ते रिकामे कप्पे दिसतात, आणि ते दिसलेले बरे.

आर्नेला मी दर रविवारी फोन करतो. पहिले दोन महिने तो माझ्याशी चार वाक्यं बोलून आईची चौकशी करायचा. अलीकडे जरा जास्त बोलतो. लोखंडाची पुन्हा तपकिरी होऊ लागलीयत, म्हणाला. खिशात किल्ल्यांबरोबर असतात. दुकानात एकदा चुकून त्यातलं पाच ओरेचं, म्हणजे तिकडच्या पाच पैशांचं, नाणं पावासाठी पुढे केलं आणि काउंटरवरच्या मुलीने "व्हॉट्स धिस, मेट?" म्हटलं, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

आई जानेवारीत एका विशेष विमानाने पुण्याला गेली. सात दिवस विलगीकरणात काढून मग सुधामावशीच्या घरी. त्या रात्री तिचा फोन आला. मावशीची सून कपाट आवरत होती. हॉस्पिटलला जाताना मावशीने उतरवून ठेवलेली साडी खुंटीवर तशीच होती, चार महिने. सून आईला म्हणाली, मावशी, मशीनला लावून टाकते.

"मग?" मी विचारलं. आईला मी ओळखतो. आमच्या घरातली एक जाळी तिने सोडली नव्हती.

"तिला म्हटलं, राहू दे ग," आई म्हणाली. "तिच्या तेलाचा वास आहे अजून पदराला. मी अंगाखाली घेऊन झोपलेय."